हरलेल्यांची पंगत

आई, काल हॉकीची फायनल झाली आणि मी गेले नाही. प्रेम नगरातल्या माझ्या घरापासून मैदान काही लांब नाही. गच्चीत उभं राहिलं की तिथल्या दिव्यांचा झगझगाट दिसतो, आणि डीजेचा धिंगाणा तर खिडक्या लावल्या तरी घरात शिरतो. तरी नाही गेले. झाशीत हॉकीची फायनल चालू आहे आणि तुझी लेक घरात वांगी भाजत बसली आहे, असं कुणी तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, ताप आलाय का तिला? ताप नाही गं. मन विटलंय. ज्या खेळासाठी मी शाळेला दांड्या मारल्या, त्याचं नाव निघालं की आता माझं तोंड कडू होतं. आणि वर पुन्हा त्याच खेळापायी तुझ्या नातवाचं आणि माझं इतकं वाजलं की तो घरी यायचा बंद झाला. खेळ गेला तर गेला, या वयात त्याच्यावाचून माझं काय अडतं? पण पोरगाही त्याच्याबरोबर जातो की काय, या धास्तीने मी गेले काही दिवस नीट झोपलेले नाही. हे सगळं तुझ्याशिवाय कुणाला सांगू? इथे मराठीतून भांडण ऐकून घेणारं तरी कोण उरलंय?

तू लग्न होऊन जळगावकडच्या खेड्यातून इथे आलीस तेव्हा तुला हिंदीचा ओ की ठो येत नव्हता, हे तूच सांगायचीस. बाबा रेल्वेत गार्ड. ते गाडीबरोबर गेले की तू त्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये एकटी, शेजारीण काय बोलते ते कळत नाही, भाजीवाला काय ओरडतो ते कळत नाही. मागच्या बाजूला हॉकीचं मैदान होतं म्हणून तू वाचलीस. भिंतीलगतच्या कडुनिंबाखाली बायकांची जागा होती, तिथे तू जाऊन बसायला लागलीस, आणि तुझी सगळी हिंदी त्या निंबाखाली घडली. म्हणून तर तुला ‘मार, मार’, ‘छोड़ना मत’, ‘पीछे देख पीछे’ हे सगळं आधी आलं आणि ‘आप कैसी हैं’ हे फार उशिरा. शिव्या मात्र तू शेवटपर्यंत मराठीतूनच दिल्यास, अंपायरला कळू नयेत म्हणून. “अरे मेल्या, डोळे काय घरी खुंटीला टांगून आलास?” असं तू एकदा गळा काढून ओरडलीस आणि तो अंपायर जागच्या जागी वळून हात जोडून म्हणाला, “ताई, मी नाशिकचा आहे.” तू पदर तोंडावर ओढलास तो मॅच संपेपर्यंत काढला नाहीस. पण पदराआडून बघत होतीस. मला शेजारून दिसत होतं.

थंडीतले ते दिवस. टूर्नामेंट नेहमी मटारच्या दिवसांत यायची, त्यामुळे तुझ्या मांडीवर परात आणि परातीत शेंगांचा ढीग. रिकाम्या हाताने बसून नुसता खेळ बघणं तुला आळशीपणाचं वाटायचं. मॅच रटाळ असली की परात दाण्यांनी भरून घरी यायची. मॅच रंगली की तू सोललेले दाणे भान हरपून स्वतःच खात सुटायचीस आणि शेवटी मांडीवर नुसती टरफलं. बाबा ड्यूटीवरून आले की मैदानावर काय झालं ते विचारायचे नाहीत. स्वयंपाकघरात डोकावून परात बघायचे आणि म्हणायचे, “आज मोठी मॅच झालेली दिसते, भाजी कसली आहे मग?” माझ्या सुनेला एकदा हे सांगितलं तर ती म्हणाली, “सो क्यूट, मम्मीजी.” असो. चांगली मुलगी आहे.

आणि मग संध्याकाळ. जिंकलेल्या टीमला क्लबवाले हार घालून बाजारात मिठाई खायला न्यायचे, ढोल वाजायचा, सगळं गाव त्यांच्यामागे. हरलेल्यांकडे बघायलाही कुणी नसायचं. बाहेरगावची पोरं, गाडीला वेळ असायचा, बिछान्याच्या वळकट्या उशाला घेऊन मैदानाच्या कडेला बसून राहायची. तू आलीस त्या पहिल्याच हिवाळ्यात तुला तसे दोघे निंबाखाली दिसले. तू त्यांच्यासमोर उभी राहून विचारलंस, “जेवलात का रे?” त्यांना मराठी समजेना, तुला हिंदी बोलता येईना. शेवटी तू हाताने घास तोंडाशी नेऊन दाखवलास आणि पुढे चालू लागलीस. ते मागून आले. दुसऱ्या दिवशी शेजारची बुंदेली चाची कुंपणाशी येऊन म्हणाली, “काए बाई, अकेली काए खिलाउतीं? दो जने हमाए इतै पठै दो।” पुढच्या वर्षी सबंध ओळीतल्या घरांनी दोघं दोघं वाटून घेतले. मी कळती झाले तोवर ती कॉलनीची रीतच होऊन बसली होती. कोण हरलं हे कळलं की आधी बायका उठायच्या, कणीक भिजवायला.

त्यात तू तुझा म्हणून एक नियम घातला होतास. हरलेल्यांच्या विरुद्ध ज्याने सगळ्यात जास्त ओरडा केला असेल, त्यानेच त्यांना वाढायचं. बहुतेक वेळा ती तूच असायचीस, त्यामुळे मला वाटायचं हा नियम म्हणजे तुझीच काहीतरी गंमत आहे. मी दहाएक वर्षांची असताना तो माझ्यावर उलटला. पंजाबकडची टीम आली होती, आणि त्यांचा गोलकीपर असा उंच की गोलमध्ये उभा राहिला तर डोकं वरच्या दांडीला लागेल असं वाटावं. आम्ही पोरींनी गोलच्या मागे ठाण मांडलं आणि मी जागच्या जागी गाणं रचलं, “ऊँट रे ऊँट, तेरा गोल गया टूट!” सगळी दुपार तेच. पोरी टाळ्या पिटताहेत, मी पुढारी. त्याने तीनदा मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि मला गगन ठेंगणं झालं. संध्याकाळी मी उड्या मारत घरी आले तर आपल्या स्वयंपाकघरात पाटावर तोच बसलेला. गुडघे कानाशी आले होते बिचाऱ्याचे. त्याच्यापुढे ताट, ताटात वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचं, तुझ्या त्या माहेरून आणलेल्या लाकडी बडगीत ठेचलेलं. मी दारातूनच पळणार होते. तू माझ्या हातात पोळ्यांची टोपली दिलीस आणि एकच शब्द बोललीस, “वाढ.”

मी रडवेली होऊन वाढतेय, पोळी ताटाच्या बाहेर पडतेय. तो मान खाली घालून जेवतोय. आणि मग, मान न उचलता, अगदी गंभीरपणे म्हणाला, “बेटा, ऊँट को एक रोटी और दे दो।” तू शेगडीकडे तोंड फिरवलंस, पण तुझे खांदे गदगदा हलताना मला दिसले. त्या पोराने किती पोळ्या खाल्ल्या हे कुणी मोजलं नाही, पण तुझ्या-माझ्यासाठी त्या दिवशी भातच उरला. तो गेल्यावर मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तू परात विसळत विसळत म्हणालीस, “मैदानावर ओरडायला मी तुला कधी अडवणार नाही. घसा फुटेस्तोवर ओरड. पण ज्याला वाढायची तयारी असेल त्यालाच ओरडायचं, कळलं?” मला तेव्हा काही कळलं नव्हतं. मी आपली हो म्हणाले आणि भात जेवले.

तुझा आणखी एक नियम होता, ताटावर मॅच काढायची नाही. बाबांनाही तो लागू. एकदा त्यांनी एका पोराला सहज विचारलं की काय रे, शेवटचा कॉर्नर कसा हुकला, तर तू त्यांच्या पुढ्यातलं वरणाचं भांडं उचलून आत नेलंस. नंतर म्हणालीस, जेवताना मॅच निघाली की पोरं हातवारे करत सांगत बसतात, उष्टे हात वाळतात आणि पोट रिकामंच राहतं. ‘हात वाळतो, ऊठ’ हे तुझं पालुपद होतं. माझ्या लग्नात पंगतीत माझ्या सासऱ्यांनासुद्धा तू हेच म्हणाली होतीस. ते अजून निघतं आमच्या घरात.

मग ते सगळं हळूहळू संपलं. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, टूर्नामेंटला पैसा देणारे आटले, मैदानात लग्नाचे मांडव पडायला लागले. तू गेलीस तेव्हा तुझा नातू जेमतेम बोलायला लागला होता. नंतर कित्येक वर्षं त्या गोलमध्ये बकऱ्या बसलेल्या असायच्या, आणि मी त्या रस्त्याने जायचं टाळायची. म्हणून जेव्हा कळलं की इथे लीग येणार, निळं टर्फ घालणार, विलायतेचे खेळाडू येणार, तेव्हा मी काय केलं असेल? शाळेतून निवृत्त झालेली बाई मी, पण वाण्याच्या दुकानात उभी राहून रडले. वाणी म्हणाला, “का हो गओ दीदी, सब ठीक तो है?” म्हटलं, भैया, हॉकी परत येतेय. त्याने मला साखर जरा जास्तच तोलून दिली.

पहिल्या मॅचला मी मटार घेऊन गेले. दाराशी एका पोरीने पिशवी उघडली आणि म्हणाली, “आंटी, बाहर का खाना अलाउड नहीं है।” म्हटलं, अगं बाई, कच्चे मटार आहेत, सोलायला आणलेत, कोण खातंय? तिने तिच्या वरच्याला बोलावलं, त्याने त्याच्या वरच्याला. तिघांनी मिळून माझे मटार बघितले. शेवटी पिशवी एका पिंपात गेली, आणि आत मला मक्याच्या लाह्या मिळाल्या, त्यांच्या भावात आपल्याकडे लोक आठवड्याची भाजी आणतात. बरं, हेही सोसलं असतं. पण आई, मला ओरडताच येईना. ओरडायचं कुणाविरुद्ध? आपल्या टीमच्या नावात आधी एका सिमेंटचं नाव, मग झाशी, मग कसला तरी वाघ. तिच्यात झाशीचं एकही पोर नाही. आपल्या कॉलनीत वाढलेला एक मुलगा आहे, चांगला खेळतो, पण त्याला लिलावात दुसऱ्या शहराने घेतलेला. तो चेंडू घेऊन आला की मी कुणाच्या बाजूने व्हायचं? आणि मी तोंड उघडायच्या आत तो मोठा पडदा सांगतो, शोर मचाओ. मग डीजे शोर मचवतो. कॉर्नर मिळाला की गाणं, चेंडू बाहेर गेला की गाणं, पोरगं पडून गुडघा धरून कण्हतंय तरी वर गाणंच. लोक पाठ फिरवून स्वतःचे फोटो काढताहेत. खेळ वाईट नव्हता गं, तेच तर दुःख आहे. खेळ फार सुंदर होता. ती पोरं वाऱ्यासारखी पळत होती आणि कुणी बघत नव्हतं.

तुझा नातू त्याच लीगच्या एका कंपनीत लागला. प्रेक्षकांना गुंतवून ठेवायचं असं काहीतरी त्याचं काम. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. मराठी त्याला सगळी समजते पण बोलताना अर्ध्या वाटेवर हिंदीत उतरतो, तरी तुझ्या गोष्टी त्याने माझ्याकडून शंभरदा ऐकल्यात. ऊँटची तर तोंडपाठ. त्याने अभिमानाने त्या ऑफिसात सांगितल्या. तिथे एक मसाल्याची कंपनी पैसा घेऊन बसली होती. झालं. यंदा सेमीफायनलला ‘हारने वालों की थाली’ असा कार्यक्रम ठरला. हरलेल्या टीमला मैदानावर सगळ्यांसमोर थाळी द्यायची, आणि द्यायला मी. पोरगा म्हणाला, “आई, आजीची थाळी आहे ही. तू नाही देणार तर कौन देगा?” त्याचे डोळे असे चमकत होते की मला नाही म्हणवेना. मी तुझी ती मोरपंखी साडी काढली, कडेला कसर लागलेली, ती दुमडून आत घेतली आणि गेले.

मॅच संपली. हरलेली पोरं गुडघ्यांवर बसली होती. त्यांचा गोलकीपर लहानसाच, मिसरूड फुटलेला, पॅडमध्ये तोंड घालून रडत होता. त्यांना उठवून स्टेजवर ओळीत उभं केलं. तोंडावर दिवे. निवेदिका म्हणाली, “आंटी जी, कैमरे की तरफ़, स्माइल!” माझ्या हातात थाळी आली. आई, थाळीत भरीत होतं. मी भारावलेच. काय सुरेख दिसत होतं, चकाकत होतं, वर कोथिंबीर. मधोमध मसाल्याचं खोकं उभं. मी थाळी त्या गोलकीपरच्या हातात दिली आणि तो, पोरगंच ते, दुपारपासून उपाशी असणार, त्याने डोळे पुसले आणि पोळीचा तुकडा मोडून भरताला लावला. तेवढ्यात काळ्या कपड्यातला एकजण धावत आला, त्याच्या मनगटाला धरलं आणि म्हणाला, “अरे भैया, खाना नहीं है, ये शूट वाली है, इस पे तेल स्प्रे किया है।” सगळे हसले. त्या पोराने घास परत थाळीत ठेवला. इतका ओशाळला तो. हरल्यावर नव्हता इतका ओशाळला. आणि अजून जाहिरात संपायची होती म्हणून त्याला ती थाळी तशीच धरून उभं ठेवलं. मी त्याला हळूच म्हटलं, बाळ, घरी चल जेवायला. तो म्हणाला, “नहीं मैम, बस लगी है, परमिशन नहीं है।”

घरी आल्यावर मी तुझ्या नातवावर तोंड सोडलं. काय काय बोलले ते लिहीत नाही, तू ओळखतेस, तोंड तुझंच आहे. आजीला बाजारात बसवलंस, इथपर्यंत गेले. तो आधी ऐकत राहिला. मग म्हणाला, “आई, एक सांग. तेव्हा ती पोरं भुकेली होती म्हणून आजी जेवू घालायची ना? फटे जूते, जनरल डिब्बा. आता त्यांना पैसे मिळतात, हॉटेल मिळतं, डॉक्टर मिळतो. ये बुरा है क्या? तुला ती भुकेली पोरंच पाहिजेत काय परत?” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या ऊँटच्या बुटाला अंगठ्यापाशी भोक होतं, हे मीच त्याला सांगितलेलं. मी एवढंच म्हणाले, “मग आज तो भुकेलाच का परत गेला?” तर तो उठून त्याच्या घरी निघून गेला.

त्यानंतर मसालेवाल्यांना तुझा फोटो हवा झाला. खोक्यावर, आणि इलाइट चौराह्यावर मोठ्या बोर्डावर. माझ्या तोंडून ‘नाही’ निघालं ते निघालंच. पोराने विनवलं, त्याची नोकरी त्यावर टांगलेली आहे म्हणाला. मी म्हटलं, आईचा फोटो चौकात लागणार नाही. रस्त्यावरून जाणारा येणारा जो तो बघेल आणि एकालाही ती जेवलास का विचारू शकणार नाही, तो फोटो काय कामाचा? तो म्हणाला, “ठीक है,” आणि यायचा बंद झाला. सून फोन करायची, तो मागे कुठेतरी असायचा, खोकल्याचा आवाज यायचा, पण बोलायला येत नव्हता.

काल सकाळी सुनेने सांगितलं की मसालेवाले लीग सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर याचं कामही गेलं. फायनल हा त्याचा शेवटचा दिवस. फोन ठेवला आणि मी जिन्याच्या पायरीवरच बसले. माझं चुकलं का? फोटो दिला नाही ते चुकलं नाही, ते मी आजही देणार नाही. पण ‘आजीला बाजारात बसवलंस’ हे जे म्हणाले, ते त्या पोराला नको होतं म्हणायला. त्याने तुला बाजारात बसवलं नव्हतं. त्याला तू सगळ्या गावाला दाखवायची होतीस. त्याच्याकडे दाखवायची तेवढी एकच रीत होती, ऑफिसातली, आणि त्याने ती वापरली. थाळीत भरीत ठेवलं की तुझी पंगत झाली असं त्याला वाटलं. तुझी पंगत भरतात नव्हतीच. दुपारी शिव्या दिल्या त्याच तोंडाने संध्याकाळी ‘आणखी घे’ म्हणायचं, त्यात होती. आता ओरडायचं काम डीजेला दिलंय आणि वाढायचं काम फोटोवाल्यांना. म्हणून मला तिथे बसवत नाही. हे त्याला मी तेव्हा नीट सांगायला हवं होतं. पण सांगायचं राहिलं आणि ओरडणं तेवढं झालं.

मग मला वाटलं, ओरडले ना? या मोसमात त्याच्याविरुद्ध माझ्याइतकं कुणी ओरडलेलं नाही. तर मग नियम काय सांगतो?

चिरगाँवकडून एक बाई हिवाळ्यात हातगाडीवर वांगी आणते, पांढुरकी हिरवी, जरा तुझ्या जळगावकडच्यासारखी. तिच्याकडून वांगी घेतली. सुनेला सांगितलं, मॅच संपली की त्याला इकडे पाठव, बाकी काही बोलू नकोस. गच्चीवरून दिवे दिसत होते, डीजे दणदणत होता, मी खाली वांगी भाजत होते. तुझी बडगी माझ्याकडेच आहे, तळ झिजलाय पण चालते. तो आला तेव्हा त्याच्या गळ्यात ते ओळखपत्र अजून लटकत होतं. दारात उभा राहून म्हणाला, “आई, हमें हटा दिया।” मी म्हटलं, “हात धू.” तो हात धुऊन बसला. मी वाढलं. भरीत, पोळी, वरण, कांद्याची पात. एक शब्द काढला नाही, ना मॅचचा, ना मसाल्याचा, ना माझ्या त्या बोलण्याचा. तोही मान खाली घालून जेवत होता. सगळं आठवत होतं मला, ते गुडघे, ती टोपली. आणि मग तो, वर न बघता, म्हणाला, “ऊँट को एक रोटी और दे दो।” मी शेगडीकडे, म्हणजे गॅसकडे, तोंड फिरवलं. पण मी हसत नव्हते, आई. मला तुझ्यासारखं हसता आलं नाही.

इथपर्यंत सगळं तुझ्या नियमाने झालं. हे पत्र कुठे जायचं नाही, मी ते त्या बडगीखाली सरकवून ठेवणार आहे, म्हणून पुढचंही लिहून टाकते. त्याचं जेवण झालं, तो उठणार इतक्यात माझ्याच्याने राहवलं नाही. मी विचारलं, “कोण जिंकलं रे?” तो बघतच राहिला. मग हसला, परत खाली बसला आणि वाट्या मांडून दाखवायला लागला. ही आपली टीम, हा आपला गोल, हे मीठ म्हणजे कॉलनीतला तो पोरगा, आणि शेवटच्या कॉर्नरला त्याने असा घुसून असा मारला. मी ओरडले, “अरे मग अडवायला कुणी नव्हतं काय मेल्यांनो!” आणि त्याला विचारत गेले, मग पुढे, मग पुढे. त्याचा उष्टा हात पार वाळून गेला होता. मला दिसत होतं. तरी मी त्याला ऊठ म्हटलं नाही.